'सर्व्हर डाउन' म्हणजे नेमकं काय डाउन?

"सर्व्हर डाउन आहे, उद्या या." हे वाक्य ऐकलं नाही असा बिलोली तालुक्यातला एक माणूस दाखवा.

गेल्या जुलैत, पीकविम्याची मुदत तोंडावर आलेली असताना, इथल्या एका सेवा केंद्रात तीन दिवस हेच चालू होतं. (नाव लिहीत नाही. तिथल्या पोराची चूक नव्हती.) सगरोळीकडचे एक आजोबा सातबारा, पासबुक पिशवीत घेऊन दोनदा परत गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काल बी हेच म्हणलाव की ओ."

मी तिथंच होतो. सहज तीच वेबसाईट माझ्या मोबाईलवर उघडली, तर झटक्यात उघडली! म्हणजे सर्व्हर जागेवर होता.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं मॉडेमची वायर थेट लॅपटॉपला लावली. नेट चालू. म्हणजे लाईनही ठीक. मधे राहिला तो एक छोटा काळा डबा, फायरवॉल राउटर. बाहेरचं नको ते अडवायचं आणि आतल्या कॉम्प्युटरना नेट वाटायचं, हे त्याचं काम. दिवे सगळे हिरवे, पण एक पान उघडेना.

डब्यात शिरायला पासवर्ड लागतो, आणि तो केंद्रात कुणाकडेच नव्हता. बसवणारा नांदेडचा. रिसेट दाबावं तर सगळ्या सेटिंग पुसल्या जाणार. संध्याकाळी एकदाचा त्याचा फोन लागला.

कारण काय निघालं? नेट बंद पडायच्या आदल्या दिवशी मॉडेम बदलला होता. नवा मॉडेम 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते वाटत होता, आणि डब्याच्या आतले पत्तेही तेच. एका गावात एकाच नावाच्या दोन गल्ल्या, तर पोस्टमननं जावं कुठं? आतले पत्ते 192.168.10 चे केले, कॉम्प्युटर बंद करून चालू केले. प्रिंटरनं तेवढी कटकट केली, त्याचा पत्ता हातानं बदलावा लागला. काम वीस मिनिटांचं.

देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, तिचंच पुढं भारतनेट झालं. फायबरसाठी पैसा आहे, पण टेबलावरच्या डब्याचा पासवर्ड लिहून ठेवायला आपल्याकडं एक वही नाही! माझं म्हणणं एवढंच, बसवणाऱ्याचं बिल देण्याआधी पासवर्ड आणि जोडणीचा कागद लिहून घ्या, पाकिटात बंद करून कपाटात ठेवा. (डब्यावर चिकटवू नका, बाबांनो.)

आणि 'सर्व्हर डाउन' म्हणायच्या आधी मोबाईलवर एकदा बघा. "आमचं नेट बंद आहे" असं खरं सांगितलं तर माणूस कुंडलवाडीला जाऊन फॉर्म भरेल. सर्व्हर डाउन म्हटलं की सगळीकडंच बंद समजून तो घरी जातो.

ते आजोबा चौथ्या दिवशी आले नाहीत. फोन करावा तर नंबर कुणी घेतलाच नव्हता.

उद्या तुमच्या ग्रामपंचायतीत, सोसायटीत, शाळेत विचारा, नेटच्या डब्याचा पासवर्ड कुणाकडं आहे? पासवर्ड नको, फक्त कुणाकडं आहे ते कमेंटमध्ये लिहा.