शब्द अडला की तोंड बंद?

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मात्र अजूनही काळ, क्रियापदं, उच्चार यांचीच उजळणी. बोलताना ऐनवेळी शब्दच आठवला नाही तर काय करायचं? ते ज्याचं त्यानं बघायचं! अडलेलं बोलणं पुढे रेटता येणं हा भाषा येण्याचाच भाग आहे, असं कनाल आणि स्वेन यांनी १९८० मध्येच मांडलं होतं.

किसणीला इंग्रजीत काय म्हणतात? नाही आठवत? 'द थिंग विथ स्मॉल होल्स, वी रब कॅरट ऑन इट.' दुकानदार किसणी काढून देईल. वर्गात असं बोलणारी मुलगी 'शब्द पाठ नाही' म्हणून खाली बसते. मराठीत आपण दिवसभर 'ते हे गं, काय म्हणतात त्याला' करतो, तेव्हा कोण मार्क कापतं?

'अशा युक्त्या शिकवल्या तर मुलं शब्द पाठ करणार नाहीत' हा ठरलेला आक्षेप. अहो, बोलणं चालू राहिलं तरच समोरून 'ओह, ग्रेटर!' कानावर पडेल ना?

आधी शिक्षकांनाच अडकवा. हातात चित्र द्या, नाव न घेता शेजारच्याला ओळखायला लावा. अर्धा दिवस पुरतो. स्लाइड्स जेवणानंतर दाखवा, तशीही तेव्हा झोपच येते.