सकाळी किती, संध्याकाळी किती?

संगणकाशी बोलायचे म्हणजे रंगीत चित्रे आणि माउस हवाच, असा पुष्कळांचा समज आहे. काळ्या पडद्यावर एका ओळीत प्रश्न यावा, आपण उत्तर टंकावे, एंटरची कळ दाबावी आणि पुढची ओळ उमटावी, एवढ्यावरही संवाद झकास चालतो. अशी आज्ञावली विचारते, ऐकते, हिशेब सांगते आणि पुन्हा विचारते. आपला किराणा दुकानदार तरी दिवसभर दुसरे काय करतो?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक सिद्ध झाला, तेव्हा असली यंत्रे शास्त्रज्ञांची होती. आज ती आमच्या मिरजगावात ओसरीवर आली आहेत. मग त्यांनी घरचे काम का करू नये?

इकडे कितीतरी घरे दुधाच्या पगारावर चालतात. दहा दिवसांनी पावती हाती येते, पण ती ताडून पाहायला स्वतःचा हिशेब नसतो. माझ्या बहिणीचेही तसेच. तेव्हा तिच्या कॉलेजातल्या मुलाने हे काम पायथॉन भाषेत करायला घेतले. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली ही भाषा जगापुढे ठेवली.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. सकाळचे ५ आणि संध्याकाळचे ४ लिटर मिळून ५४ झाले! अशी म्हैस कुठे मिळेल? कारण साधे आहे. 'इनपुट' ही आज्ञा आपण टंकलेले सारे अक्षरे म्हणूनच घेते, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती शेजारी शेजारी मांडणे. 'फ्लोट' या आज्ञेने त्यांची संख्या केली की मुकाट्याने ९ येतात. देवनागरी अंकही तिला चालतात, हे विशेष.

मग बहिणीने 'साडेपाच' टंकले. पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या आणि आज्ञावली बंद पडली.

"अगं आई, आकडा टाक ना!"

"डेअरीत मी साडेपाचच म्हणते. तुझ्या यंत्राला एवढंही कळंना व्हय?"

मला तिचेच म्हणणे पटले. माणसाने यंत्राची भाषा शिकण्यापूर्वी यंत्राने घरातली भाषा शिकावी. भाच्याने एक छोटा कोश जोडला: सव्वापाच म्हणजे ५.२५, साडेपाच म्हणजे ५.५, पावणेसहा म्हणजे ५.७५. त्यातही न बसणारे उत्तर आले, तर 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' या जोडीने ते झेलायचे आणि नम्रपणे म्हणायचे, "समजले नाही, पुन्हा सांगा." 'पुरे' लिहिले की थांबायचे. आणि प्रत्येक नोंद फाइलीत उतरवायची, कारण आज्ञावली मिटली की तिची आठवणही पुसली जाते.

दहाव्या दिवशी पावती आणि फाइल शेजारी ठेवली. एका संध्याकाळचे दूध पावतीत धरलेलेच नव्हते. बहीण गेली, तारीख सांगितली, दुरुस्ती झाली. भांडण नाही की आवाज नाही.

वाचकहो, चाळीस-पन्नास ओळींची ही आज्ञावली कुणाला श्रीमंत करणार नाही. पण ज्याच्यापाशी स्वतःची नोंद असते, त्याला प्रश्न विचारताना मान खाली घालावी लागत नाही. या दिवाळीत वहीपूजन कराल तेव्हा घरातल्या पोराला एवढेच सांगा: बाबा रे, आईला सोपे जाईल असा एक प्रश्न यंत्राला विचारायला शिकव.