कुळाची पोथी आणि किताबाची झूल

अलीकडे वऱ्हाडातील जुन्या वतनदार घराण्यांत कुलवृत्तान्त छापून काढण्याची हौस वाढत चालली आहे. वाशीम, रिसोड, कारंजे, मंगरूळपीर या बाजूंस असे एखादे पुस्तक हाती आले नाही असे वर्ष जात नाही. आपल्या पूर्वजांची माहिती गोळा करावी, ती पुढील पिढीच्या हवाली करावी, हा हेतू स्तुत्यच आहे. त्यास कोणी नाव ठेवणार नाही. परंतु या पुस्तकांची पाने उलटू लागले की माहितीचा हेतू मागे पडतो आणि मोठेपणाचा हव्यास पुढे येतो. पाचव्या-सहाव्या पानावर घराण्याचा मूळपुरुष कोणी वाकाटक किंवा यादव राजा ठरतो, शेवटच्या पानावर संपादकांच्या नावामागे ‘श्रीमंत राजे’ ही अक्षरे येऊन बसतात, आणि मधल्या पानांत पुरावा शोधू जाल तर ‘असे वृद्ध सांगतात’ यापलीकडे काही सापडत नाही. असल्या एका ग्रंथास प्रस्तावना लिहिण्याची विनंती प्रस्तुत लेखकास झाली होती. पुरावा मागताच ती विनंती परत घेण्यात आली.

या प्रकारात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते, ती प्रथम सोडविली पाहिजे. कुळ ही एक गोष्ट आणि किताब ही दुसरी. अमुक मनुष्य अमुकाचा वंशज आहे की नाही, हा पुराव्याचा प्रश्न आहे. अमुक मनुष्यास अमुक किताब लावण्याचा अधिकार आहे की नाही, हा त्या किताबामागील कामाचा व सत्तेचा प्रश्न आहे. पुरावा नसेल तर कुळ ही कथा होते. काम संपले असेल तर किताब ही नुसती झूल उरते.

पुरावा म्हणजे काय, हे शिकण्यासाठी वाशीमकरांस दूर जाण्याचे कारण नाही. वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म. १९३९ साली याच गावी वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षी दिलेले हे एका गावाचे दानपत्र. वंशवर्णन संस्कृतात, व्यवहाराचा भाग प्राकृतात. सम्राट प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन आणि सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ती, एवढीच त्यातील वंशावळ. पण या दोन पिढ्यांच्या नोंदीने केवढे काम केले पाहा! तोपर्यंत वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्मास राज्य करीत होती, हेच विद्वानांस ठाऊक नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वराहदेव मंत्र्याचा शिलालेख कित्येक वर्षे डोळ्यांसमोर होता. परंतु अक्षरे झिजलेली असल्यामुळे सर्वसेनाचे नाव त्यात नीट वाचले गेले नव्हते. ताम्रपट हाती आल्यावर महामहोपाध्याय मिराशींनी तो शिलालेख पुन्हा तपासला आणि वंशावळ दुरुस्त केली. मान्यवर पंडितांचे पूर्वीचे वाचन चार पत्र्यांपुढे मागे घ्यावे लागले, आणि त्यात कोणाचीही अप्रतिष्ठा झाली नाही. शास्त्राची रीत ही अशी असते.

आता आमच्या कुलवृत्तान्तकारांची रीत पाहा. वत्सगुल्माच्या शाखेतील शेवटचा मोठा राजा हरिषेण. पाचव्या शतकाच्या अखेरीस त्याच्याबरोबर ही शाखा इतिहासातून दिसेनाशी होते. उलट या भागातील घराण्यांची कागदपत्रे फार तर सतराव्या शतकापर्यंत मागे जातात. मधली सुमारे अकराशे वर्षे. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तरी ४४ पिढ्या झाल्या. या ४४ पिढ्यांतील एकाही पुरुषाचे नाव, गाव किंवा दानपत्र ज्यास दाखविता येत नाही, त्याने वाकाटकांचे नाव आपल्या उंबऱ्यावर कोरावे, याला धाडस म्हणावे की भोळेपणा, हे वाचकांनीच ठरवावे. वाशीमच्या मातीत वाकाटक नांदले म्हणून वाशीमचा प्रत्येक वाडा त्यांचा होत नाही.

याहून मौजेची गोष्ट अशी की, ज्यांचे वंशज म्हणवून घ्यावयाचे ते वाकाटक स्वतः किताबांच्या बाबतीत यांच्यापेक्षा पुष्कळच संयमी होते. प्रवरसेनाने चार अश्वमेध केले आणि ‘सम्राट’ ही पदवी धारण केली. त्याच्या पश्चात राज्य विभागले गेले. नंदिवर्धनच्या शाखेने नाही की वत्सगुल्मच्या शाखेने नाही, कोणीही ती पदवी पुन्हा स्वतःस लावली नाही; ‘महाराज’ एवढ्यावर ते संतुष्ट राहिले. आजोबांचे साम्राज्य आपल्यापाशी नाही, तेव्हा आजोबांची पदवीही आपली नाही, इतके त्यांस कळत होते. सोळाशे वर्षांनी त्यांचे स्वयंघोषित वंशज मात्र लग्नपत्रिकेवर ‘राजे’ छापतात. सातबाऱ्यावर नांगराखाली जमीन किती उरली आहे, याची चौकशी न केलेली बरी!

देशमुखी हा मुळात किताब नव्हता, ते काम होते. परगण्याच्या वसुलीची व बंदोबस्ताची जबाबदारी देशमुखावर, हिशेबाची देशपांड्यावर, गावाची पाटील-कुलकर्ण्यांवर. आणि त्या कामाबद्दल हक्क व मानपान. हे वतन वंशपरंपरेने चाले खरे, परंतु ते विभागले जाई, गहाण पडे, विकतही घेतले जाई. आडनाव एकच असूनही मराठे, ब्राह्मण, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांत देशमुख आढळतात, याचे कारण हेच. तेव्हा आडनावावरून रक्त सिद्ध करू पाहणारांनी आपल्याच वतनाचा स्वभाव ओळखलेला नाही. आमच्या पूर्वजांस मात्र तो पक्का ठाऊक होता. वतनाचा वाद उपस्थित झाला म्हणजे प्रत्येक पक्षास आपला करीना लिहून द्यावा लागे, गोतसभा बसे, शेजारच्या गावचे पाटील, शेटे, महाजन आणि बलुतेदार साक्षीस येत, आणि मग महजर होई. खोट्या सनदा त्या काळीही होत्या. पण त्या उघड्या पाडणारी पंचाईतही होती. आजच्या कुलवृत्तान्तास छापखाना लागतो, गोत लागत नाही.

किताब सत्तेपासून सुटला म्हणजे त्याचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण वऱ्हाडच्याच इतिहासात आहे, आणि त्याचा एक धागा थेट आयर्लंडास जाऊन मिळतो. प्लासी जिंकणाऱ्या क्लाइव्हास १७६२ मध्ये जी सरदारकी मिळाली, ती आयर्लंडच्या सरदारवर्गातील. गाव बंगालचे, परगणा आयर्लंडातील क्लेअर! १८९८ साली कर्झनसाहेबास हिंदुस्थानचा व्हॉइसरॉय म्हणून पाठविताना त्यासही आयरिश सरदारकीच देण्यात आली. ती धारण करणारास पुढे कॉमन्स सभेत निवडून येण्याची वाट मोकळी राही, एवढाच तिचा उपयोग. आयर्लंडाशी त्या किताबाचा संबंध नावापुरता. याच कर्झनाने १९०२ मध्ये निजामाकडून वऱ्हाड सालिना २५ लाख रुपयांवर कायमचे भाडेपट्ट्याने घेतले. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला मुलूख निजामास परत मिळण्याची आशा तेथे संपली. पुढे १९३६ च्या करारात निजामाच्या मनाची समजूत काढण्यात आली ती कशाने? त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब देऊन. वऱ्हाडचा वसूल एकाकडे, वऱ्हाडचा कायदा त्याच्याकडेच, आणि वऱ्हाडचे नाव दुसऱ्याकडे! मुलूख जातो तेव्हा किताब मिळतो, हा धडा वऱ्हाडच्या माणसाने तरी विसरू नये.

ज्या आयर्लंडाच्या नावाने हे किताब वाटले गेले, त्याने १९३७ च्या आपल्या राज्यघटनेत सरकारने सरदारकीचे किताब देऊ नयेत असे लिहून ठेवले. तरीही जुन्या गेलिक घराण्यांच्या प्रमुखांस सौजन्य म्हणून मान्यता देण्याची प्रथा तेथे काही काळ चालली. १९९२ मध्ये एका गृहस्थास ‘मॅकार्थी मोर’ हे प्राचीन पद सरकारी वंशावळ-खात्याने मान्य केले. १९९९ मध्ये त्याची वंशावळ बनावट ठरली. आणि २००३ मध्ये ही मान्यतेची प्रथाच बंद करावी लागली. सरकारी दप्तराच्या शिक्क्यानिशी असे होऊ शकते, तर खासगी छापखान्याची कथा काय? आपल्याकडेही घटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द झाले आणि १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपले. खऱ्या राजांचे राजेपण जेथे गेले, तेथे कल्पित राजांनी ते मिरवावे, हा न्याय अजब आहे.

यावर एक आक्षेप ऐकू येतो. कुलाभिमानाने मनुष्य हीन कर्मापासून दूर राहतो. मग थोडी अतिशयोक्ती असली म्हणून बिघडले कोठे? बिघडते ते असे. या पुस्तकांतून घरातील लेकीसुना गळतात, लेकावळ्यांच्या शाखा गळतात, गरीब भाऊबंद गळतात. मग त्याच पुस्तकाच्या आधाराने सोयरीक तोलली जाते, आणि शिकलेली, गुणी मुलगी ‘कुळ कमी’ म्हणून परत पाठविली जाते. ज्या वाकाटकांचा एवढा डौल, त्यांच्या प्रभावतीगुप्ता राणीने आपल्या ताम्रपटाचा आरंभ सासरच्या नव्हे, तर माहेरच्या गुप्तवंशाने केला व गोत्रही पित्याचे सांगितले. आमच्या कुलवृत्तान्तात त्या राणीस ‘पत्नी’ या शब्दाखेरीज जागा मिळाली नसती.

आणि अभिमान बाळगावयाचा तर कर्तृत्वाचा का नसावा? वाशीमचे बालाजीचे देवालय ज्याने उभारले, तो भवानी काळू साबाजी भोसल्यांचा दिवाण झाला तो स्वतःच्या कर्तबगारीने. त्याचा चाळिसावा पूर्वज कोण, असे देवळात जाणारा कोणी विचारीत नाही. देऊळ उभे आहे, तलाव आहे, तेवढे पुरे होते.

खरी हानी तर निराळीच होत आहे. ज्या घरांतून हे ग्रंथ निघतात, त्याच घरांच्या माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी वाळवीच्या स्वाधीन झालेली आहेत. त्यांत वसुलाचे ताळेबंद आहेत, दुष्काळातील कर्जरोखे आहेत, पाण्याचे व शिवेचे तंटे आहेत. म्हणजे या मुलखाचा खरा इतिहास आहे. त्यांत ‘राजे’ सापडत नाहीत म्हणून ती कोणी उघडीत नाही, आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. घराण्यांच्या धन्यांस आमचे सांगणे एवढेच की, पुस्तकाचा खर्च आधी त्या गाठोड्यांवर करा. कागद झाडून घ्या, वाचवून घ्या, त्यांच्या प्रतिमांसह छापा. जेथपर्यंत कागद नेईल तेथपर्यंतच वंशावळ न्या, आणि जेथे तो थांबेल तेथे जागा कोरी सोडा. सात खऱ्या पिढ्यांची वंशावळ सत्तर कल्पित पिढ्यांहून वजनदार असते. आणि कोऱ्या जागेत उद्या एखादा ताम्रपट येऊन बसू शकतो, खोट्याने भरलेल्या जागेत तो बसणार कोठे?