शिक्का दिल्लीचा, नोंद गावची

तूर काढणीच्या धामधुमीत आपल्या तालुक्यातले एक काका प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन भेटायला आले. आम्ही कृषी खात्याची माणसे. पण गावात सरकारी कागद वाचता येणारा माणूस दिसला की लोक त्यालाच विचारतात, मग तो कोणत्याही खात्याचा असो. काकांच्या मुलीचे लग्न झाले होते. जावई जर्मनीत नोकरीला. लग्नानंतर तो परत गेला आणि मुलगी माहेरीच राहिली. कारण तिचे कागद पुढे सरकत नव्हते. काका म्हणाले, "साहेब, पोरगी लग्न होऊन घरीच हाय. लोकं इचारतेत, काय सांगू?"

गठ्ठा उघडून पाहिला. जन्माच्या दाखल्यात नावाची जागा कोरी, नुसते 'स्त्री' एवढेच. शाळेच्या टी.सी.वर जन्मतारीख वेगळी, आणि पासपोर्ट निघाला तो टी.सी.वरून. लग्नाच्या दाखल्यात वडिलांचे नाव एक, जन्माच्या नोंदीत दुसरे. कारण घरी हाक मारायचे नाव आणि कागदावरचे नाव यांचा मेळ कोणी कधी घातलाच नव्हता. या सगळ्यावर शहरातल्या एका एजंटाने "दिल्लीचा शिक्का मारून आणतो" म्हणून पाच क्विंटल तुरीचे पैसे घेतले होते. शिक्का आलाही. काम मात्र झाले नाही.

असे प्रकार आता वाढत जाणार. जाम चौरस्त्यावरून नागपूरला शिकायला गेलेली आपली मुले पुण्याला जातात, तिथून परदेशी जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. म्हणजे नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशी खेड्यातली मुलेही जाणार, आणि त्यांच्यामागे त्यांच्या बायका, मुले. म्हणून हा विषय आज शेतीच्या पानावर घ्यावा लागतो आहे.

आधी हा शिक्का म्हणजे काय ते समजून घेऊ. त्याला 'अपोस्टिल' म्हणतात. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने तो ठरला. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. करारातल्या एका देशाने कागदावर हा शिक्का दिला, की दुसऱ्या देशाच्या वकिलातीत पुन्हा शिक्के मारत फिरावे लागत नाही. आपल्याकडे आधी राज्य शासनाने नेमलेला अधिकारी दाखल्यावरची सही खरी असल्याचे नोंदवतो आणि मग परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल देते. जुलै २०१२ पासून मंत्रालय हे कागद थेट लोकांकडून न घेता नेमलेल्या संस्थांमार्फत घेते. एका कागदाच्या अपोस्टिलचे सरकारी शुल्क ५० रुपये आहे, त्यावर संस्थेचा सेवा आकार वेगळा. एजंट जेव्हा हजारोंचा आकडा सांगतो, तेव्हा हा ५० चा आकडा डोक्यात असू द्या.

दोन गोष्टी मात्र एजंट सांगत नाही.

पहिली गोष्ट अशी, की हा शिक्का फक्त सही आणि मोहोर ओळखतो. दाखल्यात काय लिहिले आहे ते खरे की खोटे, याची हमी तो देत नाही. आपल्याला बियाण्याच्या पिशवीवरचा निळा टॅग माहीत आहे. प्रमाणित बियाण्याचा तो टॅग लागण्याआधी अधिकारी बीजोत्पादनाच्या शेतावर येऊन पाहणी करतो, भेसळीची झाडे उपटायला लावतो. अपोस्टिलमागे अशी शेतावरची पाहणी नाही. नाव चुकलेल्या दाखल्यावरही तो बिनदिक्कत लागतो, आणि चूक तशीच्या तशी परदेशी पोहोचते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक देशाला हा शिक्का चालतोच असे नाही. दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत आहे, तो देश या कराराबाहेर आहे. तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या सहभागाला त्या देशाने हरकत घेतली. त्यामुळे आपले अपोस्टिल तिथे धरले जात नाही. जर्मन वकिलातीने भारतीय दाखल्यांवर आपला शिक्का देणेही थांबवलेले आहे. गरज वाटली तर ते विश्वासातला वकील दाखला निघाला त्या कार्यालयात पाठवतात आणि मूळ नोंदवही उघडून पाहायला लावतात. या तपासणीला महिने लागतात आणि खर्च अर्जदाराच्या माथी येतो. काकांच्या पाच क्विंटल तुरीचे जे झाले ते इथे. म्हणून पैसे देण्याआधी, ज्या देशात जायचे त्याच्या वकिलातीचे नियम घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

आता नीट विचार करा. बर्लिनच्या कार्यालयाला शंका आली, तर ती फिटते कुठे? आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात. मुंबईचा अधिकारी, दिल्लीचे मंत्रालय, परदेशाची वकिलात हे सगळे नंतरचे. पाया ग्रामसेवकाच्या वहीत आहे. (२०२४ पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) वहीत जे लिहिले तेच सातासमुद्रापार वाचले जाणार.

जुनी नोंद किती कामाला येते, याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे पोर्तुगीजांची सत्ता होती. त्या काळात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांनी आपल्या वाडवडिलांचे जन्म आणि विवाह लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवून घेतले आणि त्या आधारावर युरोपात राहण्याचा हक्क मिळवला. ज्यांच्या आजोबांची नोंद दप्तरात धड सापडली त्यांचे काम झाले. ज्यांच्या नावात एका पिढीत एक आणि दुसऱ्या पिढीत दुसरे असे निघाले, ते दुरुस्त्यांत अडकले. आजोबांचे नाव वहीत चढले तेव्हा नातू परदेशी जाईल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

पेरणीला जसा वापसा, तशी नोंदीला मुदत असते. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवस ते एक वर्ष असेल तर वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटले, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. गैरप्रकारांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये शासनाने अशा उशिराच्या नोंदींची तपासणी आणखी कडक केली. तेव्हा 'पुढे पाहू' म्हणणाऱ्याला पुढे फारच पाहावे लागते. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेश, मतदार यादी, विवाह नोंदणी, पासपोर्ट या सगळ्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. टी.सी.वर वेळ मारून नेण्याचे दिवस त्यांच्यासाठी संपले.

नोंद कुठे होते, याचाही घोळ होतो. मूल जिथे जन्मले, तिथल्या निबंधकाकडे नोंद होते. बाळंतपण हिंगणघाटला किंवा सेवाग्रामला झाले असेल, तर आपल्या गावच्या वहीत ती नोंद सापडणार नाही. आणि बाळाचे नाव ठरले की ते वहीत चढवा. १२ महिन्यांच्या आत त्याला शुल्क नाही. नंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव चढवता येते. त्यापुढच्या लोकांसाठी शासनाने वेळोवेळी मुदत वाढवली आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

लग्नाचेही तसेच. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे गावात विवाह निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडेच आहे आणि लग्नानंतर ९० दिवसांत तीन साक्षीदारांसह अर्ज द्यायचा असतो. १४ फेब्रुवारी २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्वनी कुमार खटल्यात विवाह नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. तरीही आपल्याकडे पत्रिका छापून मांडव टाकला, जेवणावळी उठल्या, की लग्न झाले. नोंद आठवते ती व्हिसाच्या वेळी. तहान लागल्यावर विहीर खणायची ही सवय सोडावी लागेल. मुला-मुलीला परदेशी नागरिकाशी भारतात विवाह करायचा असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस असते आणि दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेले असावे लागते. चार दिवसांच्या सुटीवर येऊन ते होत नाही.

आता ग्रामसेवक, सरपंच आणि पोलीस पाटील यांच्याशी थोडे बोलायचे आहे. एकेका ग्रामसेवकावर घरकुल, पाणीपट्टी, रोजगार हमी, ग्रामसभा असा किती भार असतो, हे आम्ही रोज पाहतो. तरीही जन्माची वही घाईत भरू नये. नाव कानावर आले तसे न लिहिता आई-बापाचे आधार कार्ड समोर ठेवून लिहावे. चूक निघाली तर खोडाखोड करू नये, पांढरी शाई तर मुळीच लावू नये. १९६९ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहायची, खाली सही आणि तारीख टाकायची. अशी दुरुस्ती परदेशी तपासनीसालाही पटते. खोडलेली ओळ पाहून मात्र तो सरळ 'संशयास्पद' असा शेरा मारतो आणि एका मुलीचा संसार वर्षभर अडतो.

आमची सूचना साधी आहे. १ मे च्या ग्रामसभेत, नाव न चढलेल्या जन्मनोंदींची यादी घरोघर निरोप देऊन बोलवावी. पेरणीआधीच्या मोकळ्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी एक दिवसाचे शिबिर व्हावे. पंचायत समिती आणि तहसील यांनी एकत्र बसून नाव चढवणे, समासातल्या दुरुस्त्या आणि राहिलेल्या विवाह नोंदी मार्गी लावाव्यात. सातबाऱ्यासाठी फेरफार अदालती भरतात, तर माणसाच्या नोंदीसाठी एक दिवस का मिळू नये? याला वेगळा निधी लागत नाही. वह्या आहेत, माणसे आहेत.

शेतकरी बंधूंनीही हातावर हात ठेवून बसू नये. घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला, टी.सी., आधार आणि असल्यास पासपोर्ट एका ओळीत मांडून नाव, बापाचे नाव, आडनाव आणि तारीख ताडून पाहा. दाखल्यांना लॅमिनेशन करू नका. शिक्के आणि चिकटपट्टी मागे लावायची असते, लॅमिनेशन केलेला कागद तिथे अडतो. शक्य तर संगणकीकृत, मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला दाखला काढून ठेवा. नोंद झाल्यावर पहिला दाखला सात दिवसांत विनामूल्य मिळणे हा कायद्याने तुमचा हक्क आहे.

वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण मानांकन मिळाले म्हणून हळद चांगली झाली नाही. ती पिढ्यान् पिढ्या मातीत चांगली पिकवली होती, म्हणून मानांकन मिळाले. कागदाचेही असेच समजा.

काकांच्या मुलीचे नाव वहीत चढवण्यासाठी आणि तारखेच्या दुरुस्तीसाठी अर्ज आता दिला आहे. तिला आणखी किती महिने थांबावे लागेल, हे काका दर आठवडी बाजाराला भेटले की विचारतात. ज्यांच्या घरी लग्नाचे वय झालेली मुलगी किंवा परदेशी जाण्याच्या गोष्टी करणारा मुलगा आहे, त्यांनी या आठवड्यातच ग्रामपंचायतीत जाऊन आपली नोंद डोळ्यांनी पाहून घ्यावी.