घरमालक गेला, भाडेकरू राहिला

२०१७ साली चार महिने मी लेकीकडे सेंट लुईसला होते. मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना तिथल्या दुपारी कशा असतात हे सांगायला नको. लेक-जावई कामावर, नात शाळेत आणि आपण खिडकीशी! शेजारी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहायचे. रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालायला बाहेर पडत, तेव्हा डोक्यावर हमखास एक तपकिरी टोपी असे.

आता यात विशेष ते काय? तर त्या गावात सगळं लाल असतं. कार्डिनल्स हा तिथला बेसबॉलचा संघ, त्याचा रंग लाल, आणि मॅच असेल त्या दिवशी दुकानदारापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळे लाल शर्टात. त्यात ही तपकिरी टोपी माझ्या डोळ्यात भरायची. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे, बोलताना अडतं. म्हणून एक दिवस नातीला मध्ये घालून विचारलंच. ते म्हणाले, "ही माझ्या टीमची टोपी. १९५३ साली ती टीम गाव सोडून गेली."

म्हणजे चौसष्ट वर्षं झाली होती. तेव्हा हे गृहस्थ नऊ वर्षांचे.

मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. असं काही कानावर पडलं की मला स्वस्थ बसवत नाही. लेकीने लायब्ररीचं कार्ड काढून दिलं, आणि मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसतानाही सेंट लुईस ब्राउन्स या संघावर मिळेल ते वाचलं. अडलं की कुंपणापाशी जाऊन विचारायचं.

हा संघ मुळात मिलवॉकीचा. १९०२ साली सेंट लुईसला आला आणि बावन्न हंगाम तिथे खेळला. खेळला म्हणजे बहुतेक हरला. बूट आणि दारू बनवण्यात पहिलं असलेलं आमचं गाव बेसबॉलमध्ये शेवटचं, असं गावचे लोकच म्हणायचे. १९३५ च्या सबंध हंगामात घरच्या मैदानावर मिळून ८०,९२२ प्रेक्षक आले. एका दिवसाचे नव्हे, सगळ्या हंगामाचे! लीगचं विजेतेपद मिळालं ते एकदाच, १९४४ साली. वर्ल्ड सिरीजला समोर उभे कोण, तर गावातलेच कार्डिनल्स. दोघांचं मैदान एकच. एक संघ गावात असला की दुसरा बाहेरगावी, म्हणून दोन्ही संघांच्या मॅनेजरांनी मिळून एकच फ्लॅट घेतला होता. आता दोघेही एकदम गावात, तेव्हा एकाला बिऱ्हाड हलवावं लागलं. ब्राउन्स ती सिरीजही ४-२ अशी हरले.

मला सगळ्यात चटका लावून गेली ती मैदानाची गोष्ट. स्पोर्ट्समन्स पार्क ब्राउन्सच्या मालकीचं. कार्डिनल्स १९२० पासून तिथे भाड्याने राहत. पुढे भाडेकरू जिंकत गेला, श्रीमंत झाला, आणि १९५३ च्या सुरुवातीला बुश नावाच्या बिअर कारखानदाराने त्याला विकत घेतलं. ब्राउन्सचे मालक बिल वीक यांनी ओळखलं, की या पैशापुढे आपला निभाव लागत नाही. त्यांनी मैदान भाडेकरूला विकलं. इतर मालकांचा वीक यांच्यावर राग, म्हणून त्यांना संघ बाल्टिमोरला नेऊ देईनात. त्यांनी तो विकून टाकल्यावर मात्र लगेच परवानगी मिळाली. २७ सप्टेंबर १९५३ ला शेवटची मॅच झाली, अकराव्या डावापर्यंत लांबली आणि ब्राउन्स २-१ असे हरले. हंगामातला तो शंभरावा पराभव. चेंडू संपत आले, तेव्हा वापरून खरबरीत झालेलेच पुन्हा काढले म्हणतात.

बाल्टिमोरला जाऊन ते ओरिओल्स झाले. १९५४ च्या अखेरीस यांकीजशी तब्बल सतरा खेळाडूंची अदलाबदल झाली आणि जुनी माणसं एकेक करून निघाली. नोंदवह्यांत मात्र ब्राउन्सचा सगळा जमाखर्च ओरिओल्सच्या खात्यावर. मी नोकरीला लागले ती शाळा पुढे दुसऱ्या एका शाळेत विलीन झाली, त्याची आठवण झाली. आमचं जनरल रजिस्टर त्यांच्या कपाटात गेलं. त्यांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आमच्या शाळेवर एक ओळ नव्हती. कागद गेले म्हणजे इतिहास गेला असं नव्हे, आणि कागद आले म्हणजे इतिहास आला असंही नव्हे. असो.

मग ब्राउन्सचं कोण आहे? १९८४ साली सेंट लुईसमधल्या काही मंडळींनी फॅन क्लब काढला, त्यातूनच ब्राउन्सची हिस्टॉरिकल सोसायटी झाली. वर्षातून एकदा जेवणाचा कार्यक्रम, हयात असलेल्या जुन्या खेळाडूंना आग्रहाचं बोलावणं, एक वार्तापत्र, जुने फोटो, कार्डं, टोप्या. शेजारच्यांची टोपी तिकडचीच. आता खेळाडू जवळजवळ उरले नाहीत, आणि ज्यांनी मॅच पाहिली ते प्रेक्षकही ऐंशीच्या पुढचे.

जावई एकदा जेवताना म्हणाले, "आई, हरणाऱ्या टीमचं एवढं काय जपायचं?" मी म्हटलं, जिंकणाऱ्याचं जपायला माणसं लागत नाहीत, त्याचं दुकान चालतच असतं. यांना यातून काय मिळणार आहे? नवं तिकीट खपायचं नाही की नवा शर्ट खपायचा नाही. म्हणूनच त्यांच्या हातून खरा इतिहास सांगितला जाईल, असा माझा भाबडा समज होता.

पुढे तो थोडा डळमळला. कारण ब्राउन्सचं नाव काढलं की जो तो एकच गोष्ट सांगतो, एडी गेडेलची. १९ ऑगस्ट १९५१. वीक यांनी तीन फूट सात इंच उंचीच्या गेडेलला बॅट घेऊन उभं केलं, पाठीवर नंबर १/८. बेसबॉलमध्ये चेंडू फलंदाजाच्या छाती आणि गुडघ्यांच्या दरम्यान यावा लागतो. तसे न आलेले चार झाले की फलंदाजाला पहिला बेस फुकट. गेडेल वाकून उभा राहिला. पिचर बॉब केनला काही तिथे टाकता येईना. चार चेंडू, चारही उंच! दुसऱ्याच दिवशी लीगच्या अध्यक्षांनी गेडेलला बंदी घातली. त्याचा शर्ट होता ब्राउन्सच्या एका अधिकाऱ्याच्या नऊ वर्षांच्या मुलाचा, आणि तो मुलगा, बिल डेविट, पुढे कार्डिनल्सचा मालक झाला. पाच दिवसांनी वीक यांनी प्रेक्षकांच्या हातात 'हो' आणि 'नाही'चे फलक देऊन त्यांच्याकडूनच मॅच चालवून घेतली. त्या दिवशी ब्राउन्स जिंकले!

शेजारचे ही गोष्ट हसत हसत सांगायचे, मीही हसले. पण पुस्तकात पुढचं वाचलं. गेडेल १९६१ साली शिकागोत मारहाणीनंतर गेला, वय ३६. अंत्यविधीला बेसबॉलमधला एकच माणूस आला होता, तोच बॉब केन.

आणखी एक वाचलं. या मैदानावर काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवत, १९४४ पर्यंत. मोठ्या लीगच्या मैदानांत ही चाल सगळ्यात शेवटी मोडली ती इथे. १९४७ च्या जुलैत ब्राउन्सनी हँक थॉम्प्सन आणि विलर्ड ब्राउन हे दोन काळे खेळाडू घेतले. ऑगस्टमध्ये विलर्ड ब्राउनने होमरन मारला, त्या अमेरिकन लीगमधला काळ्या खेळाडूचा पहिला. बॅट जेफ हीथ या गोऱ्या सहकाऱ्याची होती. हीथने ती परत हातात घेतली ती आपटून मोडण्यासाठी. त्या महिन्यातच दोघांना काढून टाकलं. विलर्ड ब्राउन २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, पण तोवर तो वारून दहा वर्षं झाली होती.

मी कुंपणापाशी जाऊन हे विचारलं. नातीने भाषांतर करताना आवाज खाली आणला. ते बराच वेळ पाइप धरून उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी गेडेलची गोष्ट शंभरदा सांगितली असेल. बॅटची कधीच नाही."

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे, की निघून गेलेल्या संघाची आठवण जपणाऱ्यांना खरी भीती विसरण्याची नाही. गंमत तेवढी उरेल, ही आहे. हरणारा संघ म्हणजे विनोद, आणि विनोदाला कोणी जाब विचारत नाही. पण त्याच संघात जॉर्ज सिसलर होता. त्याने १९२० च्या एका हंगामात २५७ हिट मारले. तो विक्रम ८४ वर्षं टिकला आणि २००४ साली जपानच्या इचिरो सुझुकीने मोडला, तेव्हा सिसलरची म्हातारी लेक तिथे हजर होती. ब्राउन्स म्हणजे सिसलरही आणि मोडलेली बॅटही. ओरिओल्सना ती बॅट मिरवण्याची गरज नाही, कार्डिनल्सना तर नाहीच नाही. सांगायची तर ती या तपकिरी टोपीवाल्यांनीच. प्रेम आहे म्हणून गाळायची, की प्रेम आहे म्हणून सांगायची? वर्गात हा प्रश्न आला की मी नेहमी दुसऱ्या बाजूची. शिवाय मॅच न पाहिलेली नवी माणसं आता हे काम करणार आहेत, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. मी शिकवलेल्या इतिहासातलं तरी काय मी डोळ्यांनी पाहिलं होतं?

परतण्याआधी लेकीने ती जागा दाखवली. मैदान १९६६ सालीच पाडलं. तिथे आता मुलामुलींचा क्लब आहे, आणि खेळायला मोकळी जागा ठेवली आहे. शेजारचेही बरोबर आले. मोटारीतून उतरले नाहीत, काचेतून बघत बसले.

ज्या खेळाडूच्या जागी गेडेल उभा राहिला, तो २०२५ च्या मार्चमध्ये वारला, ९८ वर्षांचा होऊन. त्याच वर्षी आमचे शेजारचेही गेले. त्यांच्या मुलाने घर विकायला काढलं आहे. ती टोपी कोणाकडे गेली ते विचार, असं मी लेकीला सांगून ठेवलंय. अजून काही तिचा फोन आलेला नाही.