प्रोग्रॅमने मोजके बोलावे

रावेतच्या बंधाऱ्यापाशी पवना नदीचे पाणी उचलले जाते, निगडीच्या सेक्टर २३ मधील केंद्रात ते शुद्ध होते आणि मग पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. रावेतचे पंप काही तास बंद राहिले की शहराच्या मोठ्या भागात पाणी उशिरा आणि कमी दाबाने येते, हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. त्याच रावेतमधून रोज सकाळी काही जण हिंजवडीच्या आयटी कार्यालयांकडे निघतात, तर काही भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडे. पाणीपुरवठा असो, मोटारींची जुळणी असो की बँकेचा सर्व्हर, या सगळ्यामागे कुठेतरी एक माणूस स्क्रीनवर सरकणाऱ्या मजकुराच्या ओळी वाचत बसलेला असतो. त्या स्क्रीनवर काय यावे, किती यावे, कोणत्या वेगाने यावे, हा प्रश्न आपल्याकडे किरकोळ समजला जातो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जे सुचेल ते तो छापतो आणि वाचणाऱ्याने ते निमूटपणे निस्तरावे, अशी रीत पडली आहे. ही रीत मोडायला हवी. स्क्रीनवर पहिला हक्क वाचणाऱ्याचा आहे. जो प्रोग्रॅम हा हक्क मानत नाही, त्याचे उत्तर बरोबर असले तरी त्याचे काम अर्धवटच आहे.

मुळात अशा ओळी दाखवणारा टर्मिनल फार बोलण्यासाठी बनलेलाच नव्हता. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात झाली, तेव्हा संगणकाचे उत्तर टेलिटाइप यंत्रावर कागदावर उमटत असे आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे दहा अक्षरे इतकाच होता. पुढे १९७८ मध्ये डीईसी कंपनीचा व्हीटी१०० हा टर्मिनल आला. त्याच्या स्क्रीनवर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण १,९२० अक्षरे मावत. टेलिटाइपच्या वेगाने तेवढा मजकूर छापायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. त्यामुळे सांगण्यासारखे काही नसेल तर प्रोग्रॅमने गप्प राहावे, हा युनिक्सचा दंडक गरजेतून रुजला. आज यंत्राचा वेग अनेक पटींनी वाढला आहे. साधा लॅपटॉपही टर्मिनलवर सेकंदाला हजारो ओळी ओतू शकतो. मात्र माणसाच्या वाचण्याच्या वेगात काहीच फरक पडलेला नाही. पूर्वी यंत्राच्या मंदपणामुळे जो संयम आपोआप पाळला जाई, तो आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने जाणीवपूर्वक पाळावा लागतो.

हा संयम सुटला की काय होते, ते अगदी साध्या कामातही दिसते. कारखान्याच्या सर्व्हरवर रात्री बॅकअप घेणारा एक प्रोग्रॅम आहे असे धरा. दहा हजार फायलींची नक्कल करताना तो प्रत्येक फायलीमागे 'कॉपी झाली' अशी एक ओळ छापतो. सहा हजारांच्या पुढे कुठेतरी एका फायलीपाशी 'जागा अपुरी' ही ओळ येते आणि पुन्हा 'कॉपी झाली' सुरू होते. शेवटची ओळ असते 'काम पूर्ण'. २४ ओळींच्या स्क्रीनवर हा मजकूर चारशेहून अधिक पानांचा होतो. तिसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर शेवटची ओळ वाचतो, रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करतो आणि पुढच्या कामाला लागतो. प्रोग्रॅम खोटे काहीच बोललेला नाही. त्रुटी त्याने छापली होती, पण ती दिसू नये याची तजवीजही त्यानेच केली होती. दोष ऑपरेटरच्या माथी मारणे सोपे असते, कारण नोंद तर स्क्रीनवर येऊन गेलेली असते. पण दहा हजार ओळींत एक ओळ दडवणे आणि ती न सांगणे यांत वाचणाऱ्याच्या दृष्टीने काडीचा फरक नाही.

याची सर्वांत गंभीर उदाहरणे मोठ्या प्रकल्पांच्या नियंत्रण कक्षांत सापडतात. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजू लागले. अलार्मची नोंद कागदावर छापणारा प्रिंटर घटनांच्या अडीच तासांहून अधिक मागे पडला आणि एकदा तर अडकूनही बसला. यंत्रणा बोलत होती, पण तिचे बोलणे माणसांपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा उपयोग संपलेला असे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या अकराएक मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते, म्हणजे दर दोन-अडीच सेकंदांना एक. त्यातच यंत्रणेतील बहुतेक अलार्म 'उच्च प्राधान्य' या एकाच वर्गात टाकलेले होते. सगळेच तातडीचे म्हटले की तातडीचे काहीच उरत नाही. या अनुभवांतून उद्योगजगत शहाणे झाले. ब्रिटनमधील ईईएमयूए या संघटनेने १९९९ मध्ये अलार्मविषयी मार्गदर्शिका काढली. सुरळीत कामकाजात एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एकाहून जास्त अलार्म येऊ नये, असा तिचा दंडक आहे. आकडा यंत्राच्या क्षमतेवरून न ठरवता माणसाच्या क्षमतेवरून ठरवला, हे त्या दंडकाचे मोल. कारखान्यातील अलार्मला जो न्याय लावला, तो टर्मिनलवरच्या प्रोग्रॅमला न लावण्याचे काहीच कारण नाही.

त्यासाठी नवा शोध लावण्याचीही गरज नाही, कारण साधने हाताशी आहेत. युनिक्समध्ये प्रोग्रॅमच्या बोलण्याला दोन वेगळ्या वाटा दिलेल्या आहेत, एक उत्तरासाठी आणि दुसरी त्रुटींसाठी. ही दुसरी वाट १९७० च्या दशकात का काढावी लागली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. फोटोटाइपसेटरवर छपाईला पाठवलेल्या मजकुरात त्रुटीचे संदेशही जुळवले जात आणि सगळी मेहनत वाया जाई. आपले उत्तर माणसासमोरच्या स्क्रीनवर चालले आहे की एखाद्या फायलीत, हे प्रोग्रॅमला विचारता येते. फायलींची यादी देणारी 'एलएस' ही कमांड म्हणूनच स्क्रीनवर यादी रकान्यांत मांडते, पण तीच यादी दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवली तर एका ओळीत एकच नाव देते. लांब मजकूर पानापानाने दाखवणारा 'मोअर' १९७८ पासून आहे, आणि मागे-पुढे जाऊ देणारा 'लेस' १९८० च्या दशकापासून. कंट्रोल-एस दाबले की सरकणाऱ्या ओळी थांबतात आणि कंट्रोल-क्यू दाबले की पुन्हा चालू होतात. नवशिक्याच्या हातून चुकून कंट्रोल-एस दाबले गेले तर टर्मिनल बंद पडला असेच त्याला वाटते. यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. ओळी थांबवल्या की त्या छापणारा प्रोग्रॅमही थोड्याच वेळात अडून बसतो. म्हणजे बडबड्या प्रोग्रॅमचे बोलणे वाचायला जो थांबतो, त्याला चालू काम थांबवण्याचा धोका पत्करावा लागतो. म्हणून वाचणाऱ्याच्या हाती कळा दिल्या की लिहिणाऱ्याची जबाबदारी संपली, असे म्हणता येत नाही. सुरुवातीपासून कमी बोलायचे आणि विचारले तर सविस्तर सांगायचे, हाच प्रोग्रॅमचा मूळ स्वभाव असला पाहिजे.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की गप्प प्रोग्रॅम धोकादायक असतो. काम चालू आहे की अडकले आहे, हे कळत नाही, आणि पुढे बिघाड झाला तर मागोवा घ्यायला काही उरत नाही. आक्षेपातली भीती खरी आहे. फाइल पुसून टाकणारी कमांड काहीही न बोलता काम उरकते, तेव्हा नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो, हे मान्यच केले पाहिजे. दीर्घ चालणाऱ्या कामाने आपण कुठवर आलो, हे एका ओळीत सांगत राहणेही आवश्यक आहे. पण या आक्षेपात नोंद ठेवणे आणि स्क्रीनवर दाखवणे या दोन गोष्टींची गल्लत आहे. नोंद भरपूर असावी, वेळेसह असावी आणि ती लॉग फायलीत असावी. स्क्रीनवर मात्र तेवढेच यावे, ज्यावर समोरच्या माणसाने काही करणे अपेक्षित आहे. अपयश तर कधीच गप्प नसावे. वरच्या बॅकअपने ९,९९९ फायलींबद्दल मौन पाळून शेवटी 'एक फाइल राहिली, कारण जागा अपुरी' एवढे सांगितले असते आणि आपले काम फसले हे यंत्रणेलाही कळेल असा शून्याहून वेगळा निकाल (शून्य म्हणजे यश) मागे ठेवला असता, तर ते मौन सुरक्षितच ठरले असते.

दुसरा आक्षेप अनुभवी मंडळींचा असतो. ज्याला काम येते, तो हव्या त्या ओळी शोधून काढतो, त्यासाठी 'ग्रेप'सारखी साधने आहेत, असे ते सांगतात. पण शोधायला काय शोधायचे ते आधी ठाऊक असावे लागते, आणि अनपेक्षित बिघाडात नेमके तेच ठाऊक नसते. शिवाय प्रोग्रॅम लिहिणारा आणि पहाटे तीनला तो चालवणारा ही क्वचितच एक व्यक्ती असते. तिसरा आक्षेप असा की आता एवढे सगळे माणसाने वाचायचेच कशाला, कृत्रिम बुद्धिमत्ता वाचेल. तिची मदत जरूर घ्यावी, पण तिलाही एका वेळी मर्यादितच मजकूर लक्षात घेता येतो, आणि भारंभार ओळी तिला वाचायला दिल्या तर खर्चही वाढतो. अखेर पंप बंद करायचा की चालू ठेवायचा, हा निर्णय माणसाच्याच गळ्यात पडतो. टर्मिनल हे जुनाट साधन आहे, असेही काही जण म्हणतात. वस्तुस्थिती उलट आहे. हिंजवडीतून चालवले जाणारे दूरदेशीचे सर्व्हर आजही टर्मिनलवरच्या कमांडनी हाकले जातात, आणि प्रोग्रॅम लिहायला मदत करणारी काही नवी एआय साधनेही टर्मिनलमध्येच चालतात.

वाचणाऱ्याचा हक्क मानायचा तर त्याच्या भाषेचाही विचार आलाच. यातही पुण्याने एकेकाळी मोठे काम केले आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढले. संगणकात जिस्ट कार्ड बसवले की केवळ इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी लिहिता-वाचता येई. चौकटीचौकटींच्या स्क्रीनवर मात्रा आणि जोडाक्षरे नीट बसवणे हे सोपे काम नव्हते. प्रत्येक अक्षराला एक ठरावीक चौकट, हे टर्मिनलचे गृहीतक. मराठीत मात्र ऱ्हस्व वेलांटी साठवताना अक्षराच्या मागून येते आणि दिसताना अक्षराच्या आधी दिसते. युनिकोड येऊन तीन दशके उलटली, तरी आजही अनेक टर्मिनलवर मराठी मजकुराच्या मात्रा सुटतात आणि तक्त्याचे रकाने हलतात. तरीही निदान ज्या संदेशावर कामगाराने लगेच काही करायचे आहे, तो संदेश त्याला समजेल अशा भाषेत आणि न तुटता दिसेल याची चाचणी घ्यायला कोणाची आडकाठी नाही. चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला असलेल्या मराठी मुलाने इंग्रजी संक्षेपांचा अर्थ लावत बसावे आणि तेवढ्या वेळात यंत्र चालू राहावे, हे कोणाच्याच हिताचे नाही.

मग करायचे काय? सुरुवात शिक्षणापासून व्हावी. रावेत, आकुर्डी आणि निगडी परिसरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, आणि तिथली मुले पुढे इथल्याच कंपन्यांत जातात. प्रोग्रॅमचे उत्तर बरोबर आले की प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण मिळण्याची पद्धत बदलावी. त्रुटी वेगळ्या वाटेने जाते का, अपयशाचा निकाल शून्याहून वेगळा येतो का, मजकूर एका स्क्रीनमध्ये मावतो का, तपशील हवा असेल तरच मिळतो का, या चार प्रश्नांना तोंडी परीक्षेत स्वतंत्र गुण असावेत. दुसरी जबाबदारी सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांची. महापालिका असो की कारखाना, नियंत्रण यंत्रणेच्या निविदेत ती किती माहिती दाखवते, याच्या जोडीला बिघाडाच्या पहिल्या दहा मिनिटांत ती ऑपरेटरसमोर किती संदेश टाकते, हेही विचारले जावे. यंत्रणा ताब्यात घेण्यापूर्वी खोटा बिघाड घडवून, ती रोज चालवणाऱ्या ऑपरेटरलाच समोर बसवून चाचणी घ्यावी. ही चाचणी एका दिवसाची आहे आणि तिला वेगळी यंत्रसामग्री लागत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणांना एवढेच सांगणे आहे की, स्क्रीनवर ओळ छापण्यापूर्वी ती वाचून समोरच्या माणसाने नेमके काय करायचे आहे, हे स्वतःला विचारा. उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर ती ओळ लॉग फायलीत टाका आणि स्क्रीन त्या माणसासाठी मोकळी ठेवा.