ज्यांना सांगता येत नाही, त्यांचे ऐकताना

बौद्धिकदृष्ट्या अक्षम असलेल्या मुलांसाठी आपण जे काही करतो, त्याला ‘सेवा’ म्हणण्याचा प्रघात आहे. या शब्दात देणारे आपण आणि घेणारे ते, असे गृहीत धरलेले असते. गेली पंचवीसहून अधिक वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून या शहरात व्यवसाय करताना मला मात्र याच्या उलट अनुभव आला आहे. निदान कसे करावे, हे मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. निदान झाल्यावरही रुग्णाकडे पाहत राहावे लागते, हे मला या मुलांनी आणि त्यांच्या आयांनी शिकविले. हे शिक्षण फुकट झाले नाही. त्याची किंमत एका मुलाने मोजली, म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

डाउन सिंड्रोम असलेला हा मुलगा जन्मापासून माझ्याकडे येत असे. वयाची बावीस वर्षे उलटली तरी त्याच्या आईने डॉक्टर बदलला नव्हता. एके दिवशी ती त्याला घेऊन आली. चार-पाच दिवसांपासून तो स्वतःच्या गालावर थपडा मारून घेत होता, रात्री ओरडत होता, जेवणाचे ताट ढकलून देत होता. मी तपासू लागलो, तर तो तोंड उघडेना. बाहेर रुग्णांची गर्दी होती. ‘या वयात अशा मुलांचे वर्तन बिघडते,’ असे सांगून मी शांत झोपेसाठी एक औषध लिहून दिले.

आठव्या दिवशी ती माउली पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात शाळेची एक जुनी वही होती. तीत तिने रोजच्या नोंदी केल्या होत्या. थंड पाणी प्यायला की गालावर मारतो. मऊ भात खातो, पोळी दिली की ताट ढकलतो. उजव्या कुशीवर झोपत नाही. वही वाचून झाल्यावर मी खुर्ची सोडून त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. विजेरी आधी त्याच्या हातात दिली आणि माझे तोंड त्याला तपासू दिले. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने स्वतःचे तोंड उघडले. खालची उजवी दाढ पार किडलेली होती आणि हिरडी सुजलेली होती. दंतवैद्यांनी दाढ काढली आणि दोन-तीन दिवसांत थपडा थांबल्या.

त्या आईने मला दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, त्याला बोलता येत नाही, पण तो सांगत होता.”

माझी चूक ज्ञानाची नव्हती. दाढदुखी कोणत्याही विद्यार्थ्याला ओळखता येते. चूक अशी की, ‘डाउन सिंड्रोम’ या शब्दापाशी माझी जिज्ञासा थांबली. प्रत्येक नव्या लक्षणाचे खापर जुन्या निदानावर फोडण्याची ही सवय जगभरच्या वैद्यकात आढळते आणि ती घातक आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये थायरॉइडची कमतरता, श्रवणदोष, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणे या व्याधी इतरांपेक्षा अधिक आढळतात. मुलगा सुस्त झाला, हाक मारल्यावर पाहीनासा झाला, चिडू लागला, तर ‘तो तसाच आहे’ असे म्हणण्यापूर्वी रक्त, कान, डोळे आणि दात तपासावयास हवेत. यांपैकी बहुतेक व्याधींवर उपचार आहेत.

यातला विरोधाभास मला आजही अस्वस्थ करतो. सहा महिन्यांचे बाळ बोलत नाही, म्हणून त्याच्या रडण्याला आम्ही बालरोगतज्ज्ञ भाषा मानतो. कान पाहतो, पोट चाचपतो, आईला दहा प्रश्न विचारतो. बावीस वर्षांचा मुलगा बोलत नाही, तेव्हा त्याच्या ओरडण्याला मात्र आम्ही ‘वर्तन’ म्हणतो.

आईच्या निरीक्षणाचे मोल आपल्या शास्त्राच्या इतिहासानेही नोंदवून ठेवले आहे. नॉर्वेतील बोर्ग्नी एगेलँड या मातेची दोन्ही मुले बौद्धिकदृष्ट्या मागे पडत होती. मुलांच्या लघवीला एक विचित्र वास येतो, हे ती डॉक्टरांमागून डॉक्टरांना सांगत राहिली. अखेर १९३४ साली आस्ब्योर्न फोलिंग यांनी ती लघवी तपासली आणि त्यातून फिनाइलकीटोन्युरिया या विकाराचा शोध लागला. पुढे १९५०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेबाहेर अशीच एक आई रोज सकाळी उभी राहून विचारी, ‘माझ्या मुलीसाठी काही करता येईल का?’ तिच्या चिकाटीमुळे या विकारावरील विशेष आहाराचा पहिला यशस्वी प्रयोग झाला. त्यानंतर रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा विकार ओळखण्याची सोपी चाचणी शोधली. त्यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता. आज जगभर होणाऱ्या नवजात-तपासणीचा उगम असा घराघरांतील वेदनेत आहे.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. या मुलांना ‘देवाची लेकरे’ आणि त्यांच्या आयांना ‘त्यागमूर्ती’ म्हणून आपण मोकळे होतो. मखरात बसविलेल्या मूर्तीला विश्रांती लागत नाही. हाडामांसाच्या बाईला लागते. पाठदुखी, मोडलेली झोप, सुटलेली नोकरी, लग्नकार्यात न येणारी आमंत्रणे यांविषयी आपण तिला कधी विचारतो का? मुलाची तपासणी झाल्यावर ‘ताई, तुम्ही कशा आहात?’ हा एक प्रश्न विचारावयास अर्धे मिनिट लागते. उत्तर ऐकावयास कदाचित दहा मिनिटे लागतील. ती द्यावीत, असे माझे मत आहे.

या पालकांच्या मनातील सर्वांत मोठा प्रश्न असतो, ‘आमच्यामागे याचे कोण?’ पूर्वी हा प्रश्न क्वचितच उद्भवे. अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते. आता ते ६०च्या घरात गेले आहे. हृदयावरील शस्त्रक्रिया आणि सुधारलेली शुश्रूषा यांचे हे यश आहे. आपल्याकडेही पांढऱ्या केसांची ‘मुले’ सत्तरी ओलांडलेल्या आईचे बोट धरून दवाखान्यात येताना दिसू लागली आहेत. वैद्यकाने त्यांचे आयुष्य वाढविले असेल, तर त्या वाढलेल्या वर्षांबद्दल वैद्यकाला हात झटकता येणार नाहीत.

याबाबत हैदराबादकर म्हणून आपण सुदैवी आहोत. मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ साली आपल्या सिकंदराबादेतच स्थापन झाली. तिच्या आजच्या नावात ‘मतिमंद’ हा शब्द राहिलेला नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही ‘बौद्धिक अक्षमता’ हीच संज्ञा स्वीकारली आहे. आपणही आपल्या केसपेपरवरून जुने शब्द पुसावयास हरकत नाही. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून पालकत्व मिळविता येते. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळू शकतो. औषधाच्या चिठ्ठीबरोबर एवढी माहिती देणे, हाही उपचारच आहे.

मंडळाच्या सभासदांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या प्रसूतिगृहांतील एकही बाळ थायरॉइडच्या चाचणीवाचून घरी जाऊ नये. साधारणतः हजार-बाराशे बाळांमागे एकात जन्मजात कमतरता आढळते आणि पहिल्या दोन आठवड्यांत स्वस्त गोळी सुरू केल्यास बौद्धिक हानी टळू शकते. दुसरी, बौद्धिकदृष्ट्या अक्षम रुग्णांसाठी प्रत्येकाने आठवड्यातील एक बिनगर्दीची वेळ राखावी. तिसरी, आपल्यातील दंतवैद्य, नेत्रतज्ज्ञ आणि कर्णतज्ज्ञ यांनी एकत्र येऊन वर्षातून एकदा अशा प्रौढ व्यक्तींची तपासणी करावी. या कामास लागणाऱ्या सर्व शाखा आपल्या मंडळात आहेत.

ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याचे ऐकावयास जो डॉक्टर शिकला, तो पक्षाघाताच्या रुग्णाचे, विस्मरण झालेल्या वृद्धाचे आणि भाषा न जाणणाऱ्या मजुराचेही ऐकू शकेल. माझा तो रुग्ण आजही येतो. आल्याबरोबर मेजावरील विजेरी उचलतो आणि मला तोंड उघडावयास सांगतो. मी उघडतो. त्याची तपासणी संपल्याखेरीज माझी सुरू होत नाही.